बरखेड्याचा विमेन्स क्लब

तळाला पाय लागला की काका शिट्टी वाजवत नसत. काठावर उकिडवे बसत, पाण्याकडे बोट दाखवत आणि विचारत, "काय तेरा नंबर, खाली कोण आहे तुझं? मामा राहतो का?" बाकीच्या मुली फिदीफिदी हसत आणि मी नाकातोंडात गेलेलं पाणी खोकत राही. वॉटर पोलोमध्ये तळाला पाय टेकवायचा नसतो, हा त्या खेळाचा नियमच आहे. गोलकीपरला मात्र टेकायची मुभा असते. मी राखीव गोलकीपर होते आणि ही मुभा मला लग्नानंतर कळली. काकांनी ती आमच्यापासून चक्क लपवून ठेवली होती. पुढे कधीतरी जाब विचारला तर म्हणाले, "सांगितलं असतं तर तू उभीच राहिली असतीस."

काका मूळचे उज्जैनचे, शिप्रेच्या घाटावर पोहायला शिकलेले, आणि आमच्या बरखेड्याच्या कारखान्यात टर्नर. तरुणपणी कारखान्याने त्यांना ट्रेनिंगसाठी कलकत्त्याला पाठवलं होतं. तिथे एका तळ्यावर त्यांनी हा खेळ पाहिला, दोन वर्षं खेळले, आणि तो डोक्यात बसला तो बसलाच. टाऊनशिपमध्ये परत आल्यावर खेळणार कोणाशी? मुलगे सगळे क्रिकेटमागे. साहेब लोक सकाळी स्विमिंग पूलमध्ये डुंबायचे आणि बाहेर येऊन चहा प्यायचे. राहिलो आम्ही कामगारांच्या आणि कारकुनांच्या मुली. आम्हाला पूल मिळे दुपारी दोन ते चार. भोपाळच्या मे महिन्यातले दुपारचे दोन. त्याला लेडीज टाइम असं नाव होतं. ज्या कोणी ही वेळ ठरवली त्याला त्या फरशीवर एकदा अनवाणी उभं करायला हवं होतं, असं मी तेव्हा म्हणायचे आणि आजही म्हणते.

फर्स्ट शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की काका सायकलवरून थेट पूलवर. पायात तेच जाडजूड सेफ्टी शूज, खिशात भाजलेले चणे. स्वतः पाण्यात कधी उतरत नसत. नाव घेऊन हाक मारणं तर त्यांना ठाऊकच नव्हतं. टोपीवरचा नंबर हेच नाव. एकदा आमच्या दारात येऊन बाबांना म्हणाले, "तेरा नंबर आहे का?" बाबांना वाटलं क्वार्टर विचारतायत. "हा सत्तावीस," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

बाबा साताऱ्याहून बदलून आलेले, हिशेबनीस स्वभावाचे. मुलीने कॉस्च्यूम घालून पोहायचं म्हटल्यावर त्यांचं तोंड वाकडं झालं. काकांनी वाद घातला नाही. ते आईकडे वळले. म्हणाले, "वहिनी, मला घड्याळ धरायला माणूस पाहिजे. मुली चार वेळा सात-सात मिनिटं खेळतात. कोणी प्रामाणिक माणूस मिळत नाही." आई दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ घेऊन छत्री उघडून काठावर बसली, ती पुढची अडीच वर्षं उठली नाही. एक सेकंद इकडचा तिकडे होऊ देत नसे. बाबा घरी एकटे चहा करून प्यायला शिकले.

या खेळात पाण्यात उभं राहायचं तर पाय आळीपाळीने गोल फिरवत ठेवावे लागतात. त्याला काका ताक म्हणायचे. "चला, ताक सुरू." मग हात वर करून, हातात एकेक वीट धरून आम्ही दहा-दहा मिनिटं ताक घुसळायचो. गोलपोस्ट भंगारातल्या पाइपांचे, तरंगायला खाली तेलाचे रिकामे डबे. खऱ्या टोपीला कानांवर भोकं असलेल्या प्लास्टिकच्या वाट्या असतात, चेंडू कानावर बसू नये म्हणून. काकांनी बाजारातून साबणाच्या डब्या आणल्या, त्यांची भोकांची बुडं कापली आणि आईने ती टोप्यांवर शिवली. साहेबांच्या मुली आम्हाला लक्स टीम म्हणायच्या. म्हणू देत. आमचे कान शाबूत होते.

काकांचं खरं वेड पंपहाउसच्या भिंतीवर होतं. कारखान्यात टर्बाइनच्या कामासाठी एक परदेशी इंजिनियर येऊन गेला होता. त्याची मुलगी तिकडे एका क्लबकडून वॉटर पोलो खेळायची. परत गेल्यावर तो काकांना दर महिन्याला वर्तमानपत्रांतली कात्रणं पाठवी. तिकडे देशोदेशींच्या बायकांच्या क्लबांची स्पर्धा चाले, हिवाळ्यात सुरू होऊन वसंतात संपणारी. काकांना ती भाषा ओ की ठो येत नव्हती. आकडे आणि नावं तेवढी कळत. पण भिंतीवर खडूने पूर्ण तक्ता, कोण कोणाशी, कोण बाहेर, कोण पुढे. त्या बायकांविषयी ते भावकीतल्यासारखं बोलत. "आपली ती उंच बाई, परवा तिने चार गोल मारले. खांदा दुखत होता तरी." खांद्याचं त्यांना कोणी सांगितलं देव जाणे, कात्रणातल्या फोटोत पट्टी दिसली असेल. फायनलच्या दिवशी ते उपास करायचे. एका वर्षी त्यांचा आवडता क्लब एका गोलने हरला, तर रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'दुःखद प्रसंग'. फोरमन सांत्वनाला घरी आला.

एका मोसमात त्या स्पर्धेवाल्यांनी ठरवलं की युरोपाबाहेरचे दोन क्लब पाहुणे म्हणून बोलवायचे. इंजिनियरने फॉर्म पाठवून दिला. मी तेव्हा अकरावीत. काका पूलच्या काठावर मांडी घालून बसले, मांडीवर पाटी, पाटीवर फॉर्म, आणि आम्ही ओल्या अंगाने भोवती. फॉर्मच्या माथ्यावर इंग्रजीत छापलेलं होतं, विमेन्स क्लब वॉटर पोलो. पहिलाच रकाना, क्लबचं नाव. आता आमच्या संघाला नाव कुठे होतं? काकांनी पेन दोनदा झटकलं. "वर काय छापलंय? विमेन्स क्लब. आपण बायका आहोत, क्लब आहोत." आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, विमेन्स क्लब, बरखेडा, भोपाळ. मी अगदी शेजारी उभी होते. मला ते एकदम बरोबर वाटलं. त्या बारा जणींनाही वाटलं. आईलाही.

टाऊनशिपमध्ये त्या नावाची पाटी खरोखर होती. ऑफिसर्स क्लबच्या आवारात, गुलाबाच्या वाफ्यामागे. साहेबांच्या बायकांचा तो क्लब. बुधवारी मीटिंग, लोणच्यांच्या स्पर्धा, दिवाळीच्या आधी मीना बाजार. आमच्या आयांना तिथे प्रवेश मीना बाजाराच्या दिवशी, तोही स्टॉलच्या मागच्या बाजूने, भांडी विसळायला. पण अख्खी टाऊनशिप त्याला महिला क्लब म्हणायची. इंग्रजी पाटी आमच्यापैकी कोणी कधी वाचलीच नव्हती, कारण तिथवर आम्हाला कोणी जाऊच देत नसे.

फॉर्मला पुरी तेरा नावं लागत. ती भरून फॉर्म गेला. तेरा जणींचे पासपोर्ट निघाले. चौकशीला हवालदार आला तेव्हा आमच्या ओळीतल्या लोकांना वाटलं चोरी झाली. मला जायचं होतं. हे मी आज इतक्या वर्षांनी स्पष्ट सांगते, कारण तेव्हा सगळे म्हणत, काय एवढं, खेळच तर आहे. मला जायचं होतं. राखीव म्हणून बाकावर बसले असते तरी चाललं असतं. दुसऱ्या देशातल्या पाण्यात एकदा ताक घुसळून बघायचं होतं. रात्री झोपताना मी पाय फिरवत असे, आणि आई ओरडे, "अगं, पांघरूण फाटेल."

दीड महिना काका रोज कारखान्यात टपाल येतं त्या डिस्पॅचच्या खिडकीशी जाऊन विचारायचे, "आया क्या?" खिडकीतला माणूस रोज म्हणायचा, "आपके नाम से कुछ नहीं।" तो खोटं बोलत नव्हता. काकांच्या नावाने काही आलंच नव्हतं.

मग एका दुपारी आमचे स्पोर्ट्स ऑफिसर पूलवर आले. ते लेडीज टाइमला पूलवर कधीच येत नसत, ऊन लागतं म्हणून. काठावर येऊन म्हणाले, "वो तेरह टोपियाँ और पीली वाली गेंद चाहिए। शाम को फोटो है।"

"किसका फोटो?" काकांनी विचारलं.

"महिला क्लब विदेश जा रहा है ना। बड़ी प्रतियोगिता है। तीन मैडम जा रही हैं, ऊपर से मंज़ूरी भी हो गई।"

आईने हातातलं घड्याळ खाली ठेवलं. "कौन से खेल के लिए?" तिने विचारलं.

"वही, आपका पानी वाला।"

आम्ही पाण्यात होतो. एकीचाही पाय थांबला नाही, सवयच तशी लागली होती. तेरा जणी तशाच पाय फिरवत काठाकडे बघत राहिलो.

काका त्याच पावली निघाले. आई त्यांच्यामागे, आणि आम्ही आईमागे, अंगाला टॉवेल गुंडाळून. बुधवारच होता. दारावरच्या चौकीदाराने काकांना बूट काढायला लावले. ते मोज्यांनी आत गेले, त्यातल्या एकाला अंगठ्याशी भोक होतं. अध्यक्षबाई फार गोड बोलायच्या. "आइए, आइए, बैठिए," म्हणाल्या. खुर्ची काही कोणी पुढे केली नाही.

काका म्हणाले, "मैडम, वो चिट्ठी हमारी है। फॉर्म मैंने भरा था।"

बाईंनी पत्राला जोडून आलेली फॉर्मची नक्कल पुढे केली. "देखिए, साफ़ लिखा है, विमेन्स क्लब, बरखेड़ा। अब आप बताइए, हमारे क्लब का नाम आपने क्यों लिखा?"

काकांनी कागद हातात घेतला. अक्षर त्यांचंच, टपोरं. आईला राहवलं नाही. ती म्हणाली, "मैडम, आपको तैरना आता है?"

"हम लोग खेलने थोड़े ही जा रहे हैं," बाई हसून म्हणाल्या. "अध्ययन करेंगे। लौटकर इन्हीं बच्चियों को तो बताएँगे।"

अध्ययन. हा शब्द मला तेव्हापासून नकोसा झाला. आमच्या पत्रावर, आमच्या नावांवर, आमच्या अडीच वर्षांच्या दुपारींवर तिघी जणी विमानात बसणार आणि परत येऊन आम्हालाच सांगणार की पाणी ओलं असतं.

काका मग हळूच म्हणाले, "तो इन लड़कियों को मेंबर बना लीजिए। पंद्रह दिन के लिए।"

नियम दाखवण्यात आला. सदस्यत्व फक्त अधिकाऱ्यांच्या पत्नींना. आमच्यामागोमाग आलेले स्पोर्ट्स ऑफिसर दारातून म्हणाले, "इनकी शादी किसी ऑफिसर से हो जाए, फिर आ जाएँगी।" खोलीत हशा पिकला. सोळा वर्षांची होते मी, अंगावर ओला टॉवेल, आणि माझ्या लग्नावर त्या बायका पंख्याखाली बसून हसत होत्या. तो हशा मी विसरलेले नाही. विसरायचा प्रयत्नही केलेला नाही.

बाहेर आल्यावर काकांनी बूट घातले, नाड्या बांधायला बराच वेळ लावला. मग उठून म्हणाले, "टोप्या घाला. घरी जाऊन झोपेपर्यंत काढायच्या नाहीत. टोपी ज्या डोक्यावर असेल तिथून मागायला त्यांची हिंमत होणार नाही." तेरा जणी साबणाच्या डब्या कानांवर घेऊन बरखेड्याच्या भर बाजारातून चालत गेलो. भाजीवाले उभे राहून बघत होते. मी टोपी घालूनच जेवले. बाबा समोर बसले होते, त्यांनी माझ्या ताटात आपल्या वाटणीचं शिकरण वाढलं. महिला क्लबच्या बायकांचा फोटो बिनटोप्यांचा निघाला.

त्या तिघी गेल्या आणि आल्या. टाऊनशिपच्या हॉलमध्ये सत्काराचा कार्यक्रम झाला. तिकडे आमच्या गटात तीन सामने होते. संघच पाण्यात उतरला नाही म्हणून तिन्ही प्रतिस्पर्ध्यांना पाच-शून्य असे विजय देण्यात आले, तो तिथला नियम. बाईंनी माइकवर सांगितलं की बरखेड्याच्या संघाने चांगली झुंज दिली. पाहुण्या संघाचं प्रशस्तिपत्रक फ्रेम करून आणलं होतं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, काकांना स्टेजवर बोलावलं, शाल आणि नारळ घेऊन उभ्या राहिल्या.

काका वर गेले. शाल हातात घेतली, घडी घालून टेबलावर ठेवली. माइकशी तोंड नेऊन म्हणाले, "मैडम, हारना तो हमें भी था। पंद्रह क्या, पचास गोल खाते। लेकिन पानी में उतर के खाते।" आणि खाली आले. टाळ्या फक्त आईने वाजवल्या. मग बाबांनी. महिन्याभरात पूल दुरुस्तीसाठी बंद झाला. साहेबांची सकाळ आठवड्याने उघडली, आमची दुपार कधीच उघडली नाही. मुली बारावीला गेल्या, लग्नं झाली, पांगलो.

त्या मोसमाची एक पुस्तिका इंजिनियरने नंतर पाठवली होती. तीत सगळ्या क्लबांच्या खेळाडूंची नावं. फॉर्मवर काकांनी आमची नावं लिहिली होतीच, त्यामुळे आमचीही तेरा नावं छापलेली, आणि प्रत्येक नावापुढे एकच बारीक शब्द. काका ती पुस्तिका घेऊन घरोघर फिरले. शब्दाचा अर्थ विचारला तर म्हणाले, "पाहुणी. पाहुण्या संघाला तसं लिहितात." मला किती अभिमान वाटला होता. सासरी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगितलं, परदेशात माझं नाव छापून आलंय, पाहुणी म्हणून. त्या पानाची झेरॉक्स माझ्या पेटीत होती.

मागच्या वर्षी माझ्या सुनेने ती पाहिली. तिला ती भाषा येते, ऑफिसात तिचं तेच काम आहे. तिने बोट ठेवून वाचलं. म्हणाली, "आई, याचा अर्थ पाहुणी नाही. 'आली नाही' असं आहे."

आली नाही. तेरा वेळा. जगातल्या सगळ्या क्लबांनी वाचलं असणार की बरखेड्याच्या मुलींना बोलावलं होतं आणि त्या आल्या नाहीत. पासपोर्ट काढून बसलेल्या मुली, म्हणे आल्या नाहीत. मी तिसऱ्या दिवशी भोपाळची गाडी पकडली.

काका आता मुलाकडे शाहपुऱ्याला असतात. ऐंशी उलटली आहे, ऐकायला कमी येतं, पण मला बघताच म्हणाले, "तेरा नंबर, जाडी झालीस." मी चहाचीही वाट बघितली नाही.

"काका, त्या शब्दाचा अर्थ तुम्हाला माहीत होता?"

"होता. इंजिनियरने पत्रात लिहिलं होतं."

"मग आम्हाला खोटं का सांगितलंत?"

ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "नाव मी चुकीचं लिहिलं ना. त्या नावाची त्यांची पाटी आहे हे बघायला पाहिजे होतं. तुमचं सगळ्यांचं जाणं माझ्या हाताने गेलं. आणखी ते 'आली नाही' कुठल्या तोंडाने सांगू?"

माझं डोकंच फिरलं. त्या बाई फिरून आल्या, भाषणं दिली, नातवंडांत सुखाने म्हाताऱ्या झाल्या. ते स्पोर्ट्स ऑफिसर बढती घेऊन निवृत्त झाले. त्यांच्यातल्या एकाच्याही घशात एक घास अडकला नसेल. आणि हा माणूस एका रकान्यापायी इतकी वर्षं आमच्यासमोर गुन्हेगार होऊन बसला होता, आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

"काका, तुम्ही काही चुकीचं लिहिलं नाही," मी जवळजवळ ओरडलेच, थोडं त्यांना ऐकू यावं म्हणून आणि थोडं रागाने. "बरखेड्यात विमेन्स क्लब एकच होता. तो आपला होता. त्यांची नुसती पाटी होती."

ते वळले. माझ्याकडे नीट बघितलं. आयुष्य सरकारी कारखान्यात गेलेला माणूस. म्हणाले, "लेखी दे."

मी कॅलेंडरचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला हेच वाक्य लिहून खाली सही केली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि कागद मला परत दिला.

"बाकीच्यांच्या सह्या?"

आता मी त्या सह्या गोळा करते आहे. एक जबलपूरला सापडली, एक नागपूरला, तिघी बरखेड्यातच, दोघी भोपाळच्या तुलसी नगरात समोरासमोर राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत, त्यांची एकाच दिवशी घेतली. एक वारली, तिच्या मुलीने आईच्या नावाने केली. अजून चौघींचा पत्ता लागायचा आहे. दर रविवारी सकाळी काकांचा फोन येतो, किती झाल्या विचारायला. मागच्या वेळी मी म्हटलं, काका, नऊ झाल्या, आता पुरे करूया का.

"नाही," ते म्हणाले. "तेराच्या खाली एन्ट्री घेत नाहीत."